मागचं धूसर कधी, सगळं स्पष्ट कधी? फोटोतल्या ‘डेप्थ ऑफ फील्ड’ची सोपी माहिती

उदगीर : अतिवृष्टीचा पाऊस उघडला की बांधावर हमखास दोन माणसं दिसतात. एक चिखलात उभा राहून सोयाबीनचं उपटलेलं झाड हातात धरतो, दुसरा मोबाईलवर फोटो काढतो. फोटो झकास येतो. बापाचा चेहरा स्वच्छ, हातातलं झाड स्वच्छ आणि मागचं सगळं मऊ, धूसर. अडचण एवढीच, की नुकसान मागंच होतं. पाण्याखाली गेलेल्या सऱ्या, वाहून गेलेला बांध, कडेची विहीर, सगळं त्या धूसरात बुडालं. फोटो देखणा झाला, पण शेत दिसेना.

चूक फोनची नाही. फोन ‘पोर्ट्रेट मोड’वर होता आणि त्यानं आपलं काम चोख केलं. कधी मागचं धूसर करायचं आणि कधी सगळं स्पष्ट ठेवायचं, हे फोटो काढणाऱ्यानं ठरवायचं असतं. ते ठरवता यावं म्हणून ‘डेप्थ ऑफ फील्ड’ ही गोष्ट एकदा समजून घेतलेली बरी. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे काय?

एक बोट डोळ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि बोटाकडेच बघा. मागचं लिंबाचं झाड धूसर होतं. आता झाडाकडे बघा, बोट धूसर होतं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नेमका जुळतो. कॅमेऱ्याच्या भिंगाचंही तसंच आहे. ज्या अंतरावर भिंग जुळवलं, त्याला फोकस म्हणतात.

पण फोकसच्या अंतराच्या थोडं अलीकडचं आणि थोडं पलीकडचंही आपल्याला स्पष्टच वाटतं. हा जो अलीकडून पलीकडपर्यंतचा स्पष्ट पट्टा, त्यालाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पट्टा अरुंद असला तर माणूस स्पष्ट आणि मागचं धूसर. पट्टा रुंद असला तर पायाजवळच्या ढेकळापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट.

पट्ट्याच्या कडेला काही रेघ आखलेली नसते. फोकसपासून जसजसं दूर जावं, तसतसा प्रत्येक ठिपका पसरून छोटं वर्तुळ होत जातो. वर्तुळ बारीक आहे तोवर डोळ्याला ते ठिपक्यासारखंच वाटतं. मोठं झालं की आपण म्हणतो, ‘धूसर आलं’. म्हणूनच मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर छान वाटलेला फोटो मोठा करून बघितला, की फोकस चुकल्याचं कळतं.

पहिली किल्ली : छिद्राचा आकार

चष्मा घरी राहिला की लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला माणूस डोळे बारीक करतो. पाटी थोडी बरी दिसते. कारण डोळ्यात प्रकाश शिरायची फट लहान झाली. फट लहान झाली की ठिपके कमी पसरतात आणि स्पष्ट पट्टा वाढतो. हाच नियम कॅमेऱ्यात चालतो. भिंगातल्या या छिद्राला ‘ॲपर्चर’ म्हणतात.

छिद्राचं माप ‘एफ नंबर’मध्ये सांगतात. भिंगाच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासानं भागलं, की एफ नंबर मिळतो. 50 मिमीच्या भिंगाचं छिद्र 25 मिमी रुंद असेल तर तो एफ 2. छिद्र जेमतेम 3 मिमी ठेवलं तर साधारण एफ 16. नवशिका इथंच गोंधळतो, कारण नंबर लहान तर छिद्र मोठं आणि नंबर मोठा तर छिद्र लहान. हा भागाकार आहे, एवढं ध्यानात ठेवायचं. अर्धी भाकर ही भाकरीच्या सोळाव्या तुकड्यापेक्षा मोठीच असते.

एफ 1.4, 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 अशी ही पायऱ्यांची शिडी आहे. दर पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. म्हणजे पट्टा वाढवायला छिद्र लहान केलं, की अंधाराची किंमत मोजावी लागते. ती भरून काढायला कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो.

जुन्या काळी ही किंमत माणसांनी मोजली. उदगीर निजामाच्या राज्यात होतं, त्या काळात निजाम महबूब अली खान यांचे छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. 1894 मध्ये निजामानं त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. त्या जमान्यात फोटो काचेच्या मोठ्या प्लेटवर निघत. प्लेट मोठी असली की स्पष्ट पट्टा अरुंद होतो. मग छिद्र लहान करायचं आणि माणसांना न हलता बसवायचं. त्या काळच्या फोटोत मंडळी ताठ, श्वास रोखल्यासारखी दिसतात, त्याचं एक कारण हे.

दुसरी किल्ली : अंतर

छिद्रापेक्षाही जास्त फरक अंतरानं पडतो. फोटो काढणारा जवळ गेला की पट्टा अरुंद होतो, लांब गेला की रुंद. फुल फ्रेम कॅमेरा आणि 50 मिमीचं भिंग घेतलं तर हिशेब साधारण असा बसतो :

- एफ 1.8, माणूस 1 मीटरवर : स्पष्ट पट्टा सुमारे 4 सेंटिमीटर
- एफ 1.8, माणूस 2 मीटरवर : सुमारे 17 सेंटिमीटर
- एफ 1.8, माणूस 4 मीटरवर : सुमारे 70 सेंटिमीटर
- एफ 8, माणूस 2 मीटरवर : सुमारे 80 सेंटिमीटर
- एफ 16, माणूस 2 मीटरवर : सुमारे 1.8 मीटर

वरच्या तीन ओळी नीट बघा. अंतर दुप्पट झालं की पट्टा साधारण चौपट झाला. 1 मीटरवरच्या 4 सेंटिमीटरमध्ये डोळे स्पष्ट येतात, पण कान आणि कधी नाकाचा शेंडाही धूसर होतो. म्हणून जवळून चेहरा टिपताना फोकस डोळ्यावरच ठेवायचा.

मागच्या वस्तूचं अंतर ही वेगळी गोष्ट आहे. त्यानं पट्ट्याची रुंदी बदलत नाही, पण धूसरपणा बदलतो. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर भिंत पट्ट्यातच येते आणि तिचे पोपडे स्पष्ट दिसतात. त्याच माणसाला भिंतीपासून आठ-दहा पावलं पुढं उभं केलं तर भिंत मऊ होते. फुकटात होणारा हा सगळ्यात सोपा उपाय आहे, आणि तो साध्या फोनवरही थोडाफार चालतो.

तिसरी किल्ली : झूमचं भिंग

लांब फोकल लेंग्थचं भिंग लावलं की मागचं जास्त धूसर दिसतं. लग्नातला फोटोग्राफर लांब भिंग घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो, त्यामागं हे कारण असतं. नवरीचा चेहरा फोटोत तेवढाच मोठा ठेवला, तर लांब भिंगानं पट्ट्याची रुंदी फारशी बदलत नाही. पण मागचा भाग ओढून मोठा होतो आणि त्याचे पसरलेले ठिपकेही मोठे होतात. त्यामुळं मांडवातल्या दिव्यांचे मोठे गोल दिसतात.

फोनवर दोन बोटांनी केलेलं झूम मात्र बहुतेक वेळा फोटो कापून मोठा करणं असतं. त्यानं भिंग बदलत नाही, फोटो मात्र खराब होतो. फोनला झूमसाठी वेगळा कॅमेरा असेल, तरच खरा फायदा मिळतो.

मोबाईलमध्ये सगळं स्पष्ट का येतं?

दुकानात सांगतात, ‘याचा कॅमेरा एफ 1.8 आहे.’ मग मोठ्या कॅमेऱ्याच्या एफ 1.8 सारखं मागचं धूसर का होत नाही? उत्तर त्याच भागाकारात आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ बऱ्याचदा 5 ते 7 मिमीच्या आसपास असते. 5 मिमीला 1.8 नं भागलं तर छिद्र निघतं 2.8 मिमी, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान. 50 मिमीच्या भिंगाचं एफ 1.8 म्हणजे 28 मिमी, जवळपास दहा रुपयाच्या नाण्याएवढं. नंबर एकच, पण छिद्रात दहापट फरक.

त्यामुळं असा फोन अडीच मीटरवर फोकस केला, की साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. जनावर, बांध, डोंगर एका फोटोत हवे असतील, तर मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा फोन सोपा पडतो. शेताच्या कामासाठी ही मोठी सोय आहे. बहुतेक फोनमध्ये हे छिद्र कायमचं एकाच मापाचं असतं, लहान-मोठं करता येत नाही.

एका जागी मात्र फोनचाही पट्टा अरुंद होतो, तो म्हणजे अगदी जवळ. पान 10 सेंटिमीटरवर धरलं तर पट्टा जेमतेम एक सेंटिमीटर उरतो.

पोर्ट्रेट मोड : भिंगाचा नाही, अंदाजाचा धूसरपणा

छिद्र लहान, म्हणून फोन कंपन्यांनी वेगळी वाट काढली. 2016 मध्ये आयफोन 7 प्लसवर पोर्ट्रेट मोड आला आणि पुढं तो स्वस्त फोनपर्यंत पोचला. यात फोन आधी सगळं स्पष्ट टिपतो. मग दोन कॅमेऱ्यांच्या नजरेतला फरक मोजून किंवा सॉफ्टवेअरनं माणसाचा आकार ओळखून पुढचं कोण आणि मागचं कोण, याचा अंदाज बांधतो. मागच्या भागावर धूसरपणा नंतर चढवतो.

अंदाज म्हटलं की चूक आलीच. फेट्याचा तुरा, नवरदेवाच्या मुंडावळ्या, सुटे केस, चष्म्याची काडी, बैलाचं शिंग, हातातला कासरा, अशा बारीक वस्तू फोन मागच्या समजतो आणि पुसून टाकतो. कधी उलटं होतं. बगलेतून दिसणारा मागचा तुकडा स्पष्टच राहतो.

बऱ्याच फोनमध्ये पोर्ट्रेट मोडला एफ 1.4 ते एफ 16 असा सरकता पट्टा दिसतो. तो सरकवल्यानं खरं छिद्र हलत नाही, फक्त चढवलेला धूसरपणा कमी-जास्त होतो. काही फोनमध्ये फोटो काढल्यानंतरही तो कमी करता येतो. आधी काढलेल्या फोटोवर हे करून बघायला हरकत नाही.

चूक कमी व्हावी म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. उजेड भरपूर हवा. माणूस फोनपासून दीड-दोन मीटरवर आणि मागच्या वस्तूपासून लांब हवा. कपड्याचा रंग मागच्या रंगात मिसळणारा नको.

कुठं काय करायचं?

पिकाचं नुकसान : पोर्ट्रेट मोड पूर्ण बंद. साध्या ‘फोटो’ मोडवर तीन तऱ्हेचे फोटो काढावेत. पहिला लांबून, ज्यात शेत आणि ओळखीची खूण, म्हणजे विहीर, विजेचा खांब, झाड किंवा रस्ता, दोन्ही दिसतील. दुसरा मधल्या अंतरावरून, ज्यात सऱ्या आणि साचलेलं पाणी दिसेल. तिसरा जवळून, ज्यात कोंब फुटलेल्या शेंगा किंवा कुजलेलं मूळ दिसेल. पहिल्या दोन फोटोंत स्क्रीनवर दोन-तीन मीटर पुढच्या वस्तूवर बोट टेकवलं, की पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट येतं. पायापाशी बोट टेकवलं तर लांबचं ढिलं पडतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू ठेवावं. मूळ फोटो कापू नये, त्यावर रंगाचे फिल्टर चढवू नयेत. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबून लहान होतो आणि फाईलमधली वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाईल जाते. मात्र फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. पंचनामा व्हायचा तो होतोच, फोटो त्याला सोबत असतो. पाणी दोन दिवसांत ओसरतं, फोटो राहतो.

ई-पीक पाहणी : 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या नोंदणीत शेतकऱ्याला आपल्या शेतात जाऊन पिकाचा फोटो द्यावा लागतो. इथं पिकाची ओळख पटणं महत्त्वाचं. एकाच पानाला चिकटून फोटो काढला तर पान स्पष्ट आणि पीक धूसर. दोन पावलं मागं सरकून सऱ्या दिसतील असा फोटो घ्यावा. तुरीत सोयाबीन असेल तर दोन्ही पिकं स्पष्ट पट्ट्यात यायला हवीत.

कीड-रोग : कृषी सेवा केंद्रात किंवा कृषी अधिकाऱ्याला दाखवायला किडीचा फोटो काढताना एक सेंटिमीटरचा तो अरुंद पट्टा आडवा येतो. पान वाकडं असलं तर एक कड स्पष्ट, दुसरी धूसर. उपाय सोपा आहे. पान तळहातावर किंवा वहीवर सपाट पसरायचं आणि फोन पानाला समांतर धरायचा. मग सगळं पान त्या पट्ट्यात बसतं. फार जवळ गेलं की फोन फोकसच धरत नाही. तेव्हा वीतभर मागं सरकावं, किडीवर बोट टेकवावं आणि चार-पाच फोटो काढून त्यातला स्पष्ट ठेवावा. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असते, म्हणून पान उलटूनही एक फोटो घ्यावा.

जनावर विक्री : हाळी हंडरगुळीच्या बाजारात गिऱ्हाईक जनावराभोवती फिरून, हात फिरवून सौदा करतं. फोनवर सौदा करणाऱ्याकडे फक्त फोटो असतो. देवणी गोवंशात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार रंगावरून ओळखतात. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडावर काळेपणा, बालंक्या सगळा पांढरा, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. म्हणजे तोंडापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट दिसलं तरच फोटोचा उपयोग. जनावर आडवं, फोनला समांतर उभं करावं. फोटो काढणाऱ्यानं चार-पाच मीटर लांब राहून जनावराच्या पोटाच्या उंचीवर फोन धरावा. समोरून काढला तर तोंड मोठं आणि मागचं अंग लहान दिसतं. पोर्ट्रेट मोडनं शिंगाचं टोक खाल्लं, तर घेणाऱ्याला वाटतं शिंगच मोडकं आहे.

माणसांचे फोटो : वाढदिवस, साखरपुडा, मुलीचं स्थळ बघायला पाठवायचा फोटो, इथं मागचं धूसर खुशाल करावं. मागं वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, उभी मोटारसायकल यापासून नजर सुटते आणि चेहऱ्यावर ठरते. जुन्या स्टुडिओत बागेचा किंवा महालाचा रंगवलेला पडदा मागं टांगत. मागचं लपवायचं त्याचं काम आता धूसरपणा करतो. मात्र लग्नात दोन-तीन रांगांचा फोटो कॅमेऱ्यानं काढताना एफ 1.8 ठेवला तर मागच्या रांगेतली आजी धूसर होते. 50 मिमीच्या भिंगानं चार मीटरवरून एफ 8 ठेवला की साडेतीन मीटरचा पट्टा मिळतो, सगळे पाहुणे त्यात मावतात.

किल्ला, डोंगर, देऊळ : सदाशिवरावभाऊंच्या 1760 च्या स्वारीमुळं इतिहासात गेलेला उदगीरचा किल्ला बघायला आलेला माणूस कमानीसमोर उभा राहून फोटो काढून घेतो. मग कमान धूसर करून काय उपयोग? तो फोटो कुठंही काढता आला असता. जागा दाखवायची असेल तेव्हा जागा स्पष्टच हवी.

धूसर, हललेला की मळका?

फोटो स्पष्ट नाही आला की लोक सरसकट ‘ब्लर आला’ म्हणतात. कारणं तीन असू शकतात आणि उपाय वेगवेगळे आहेत.

1. फोकस चुकला : फोटोत दुसरं काहीतरी, उदाहरणार्थ मागची भिंत, स्पष्ट दिसते. स्क्रीनवर हव्या त्या जागी बोट टेकवून पुन्हा काढावा.
2. हात किंवा वस्तू हलली : सगळं किंवा हलणारी वस्तू एका दिशेनं ओढल्यासारखी दिसते. संध्याकाळी आणि घरात हे जास्त होतं. कोपर भिंतीला किंवा गुडघ्याला टेकवावं.
3. काच मळकी : सगळ्या फोटोवर धुक्यासारखं पांढुरकं येतं, दिव्याभोवती रेघा फुटतात. घामाचा, तेलाचा हात लागलेली काच मऊ सुती कापडानं पुसावी. फोन खराब झाला असं वाटणाऱ्याचं काम कधी कधी एवढ्यावरच भागतं.

ध्यानात ठेवायला

- मागचं धूसर हवं : जवळ जा, माणसाला मागच्या वस्तूपासून लांब उभं करा, कॅमेऱ्यावर लहान एफ नंबर ठेवा.
- सगळं स्पष्ट हवं : मागं सरका, दोन-तीन मीटरवर फोकस करा, कॅमेऱ्यावर एफ 8 किंवा एफ 11 ठेवा.
- पुरावा, नोंद, विक्री : पोर्ट्रेट मोड नको.
- फोटो काढला की तिथंच मोठा करून बघा. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

बटण दाबायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा : हा फोटो बघणाऱ्याला मागचं दिसायला हवं का? पोरीच्या वाढदिवसाच्या फोटोत नको. बुडालेल्या शेताच्या फोटोत मात्र मागचं, तेच मुख्य आहे.